पानिपतात सरपण संपलं तेव्हा

पहिल्यांदा ऐकू येतो तो खोकला. राहुट्यांच्या एका रांगेत कुणीतरी खोकतं, शेजारच्या रांगेतून दुसरं, आणि बघता बघता सगळी छावणी खोकायला लागते. डोळे उघडलेत तरी फारसं दिसणार नाही, धुकं राहुटीच्या आतपर्यंत आलंय. तुमच्या अंगात सुती बाराबंदी, तिच्यावर पासोडी, पासोडीवर कुणाच्या तरी मेलेल्या बैलाची झूल. उशाशी तीन दगडांची चूल. राखेत बोटं घालून बघा. गार आहे.

डिसेंबर १७६०. पानिपत गावाला लागून पडलेली मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंची छावणी. तुम्ही निघालात ते आजच्या काला अंबहून. दिल्लीच्या उत्तरेला नव्वदेक किलोमीटरवर पानिपत, आणि गावाबाहेर काही अंतरावर कठडा घातलेली ती बाग आणि तो विटांचा स्तंभ. मराठी माणसं जानेवारीत तिथं येतात, हात जोडतात, फोटो काढतात, हुडहुडी भरली की गाडीत शिरून हीटर लावतात. तो हीटर मागे राहिला. तुमच्यासमोर आता एकच प्रश्न आहे, आणि तो लढाईचा नाही. ऊब बंद पडली आहे, रात्र मोठी आहे, करायचं काय?

रात्र किती मोठी, तेही ऐका. पानिपत एकोणतिसाव्या अक्षांशाच्या वर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात इथली रात्र पावणेचौदा तासांची असते, पुण्यापेक्षा जवळजवळ पाऊण तास जास्त. शिकागोत राहणारा तुमचा भाचा तळघरातली फर्नेस बंद पडली की दुरुस्तीवाल्याला फोन करतो आणि तो येईपर्यंत सगळी एका खोलीत बसतात. इथं दुरुस्ती म्हणजे सरपण, आणि ते खंदकाच्या पलीकडे आहे.

राहुटीबाहेर या. जपून, दोरांना अडखळाल. गल्लीत बसलेली, पडलेली, गुडघ्यांत डोकं घातलेली माणसं दिसतील, आणि त्यातली पुष्कळशी शिपाई नाहीत. बाजारबुणगे आहेत, वंजारी आहेत, भिस्ती, घिसाडी, खिजमतगार आहेत, फौजेच्या आधारानं काशी-कुरुक्षेत्र घडेल म्हणून आलेले यात्रेकरू आहेत, बायका आहेत, पोरं आहेत. ही सगळी मंडळी मार्चमध्ये परतूडहून निघाली तेव्हा उन्हाळा तोंडावर होता. ऑगस्टच्या २ तारखेला दिल्ली हाती आली. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतलं, तिथं धान्य आणि घोडी मिळाली, दसरा तिथंच झाला. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अफगाणांचा बादशहा अहमदशाह अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून या काठावर आला. नोव्हेंबर उजाडला तेव्हा तो आणि दिल्ली दोन्ही तुमच्या दक्षिणेला होते. म्हणजे घराकडे जाणारा रस्ता त्याच्या छावणीतून जात होता.

तेव्हापासून खंदकाच्या आत. अब्दालीच्या बाजूच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज पंडित पुढे या मोहिमेची हकिकत लिहिणार आहे. हा खंदक साठ फूट रुंद आणि बारा फूट खोल होता, असं त्याचं म्हणणं. शत्रूला अडवायला तो उत्तम. पण रोज सकाळी पाच-पन्नास हजार चुली पेटवायला जे लाकूड लागतं, ते खंदकाच्या आत उगवत नाही. पहिल्या महिन्यात जवळची झुडपं गेली. मग बाभळी. मग कुडाच्या भिंती, कुंपणं, वेशीजवळच्या ओसाड झोपड्यांची छपरं. आता डिसेंबर आहे आणि छावणीत झाड म्हणावं असं काही उरलेलं नाही.

गोवऱ्या आहेत की, तुम्ही म्हणाल. गुरांची छावणी, शेणाला काय तोटा! तर गुरांकडे जा. बैल उभे आहेत पण फासळ्या मोजता येतात. चारा बाहेरून येत नाही, म्हणून शेण पडत नाही. जे पडतं ते थापलं तरी आठ-आठ दिवस वाळत नाही, कारण ऊन दुपारी दोन घटका दिसतं आणि पुन्हा धुक्यात जातं. मेलेल्या जनावरांची दुर्गंधी तेवढी भरपूर आहे. एक रसद तुटली की तिच्यामागे दुसऱ्या तीन कशा तुटतात, ते या गोठ्यात उभं राहून जितकं कळतं तितकं बखरी वाचून कळत नाही.

“पावनं, उभं ऱ्हाऊ नका, रगत गोठंल.”

आवाज खालून येतो. माणदेशाकडचा एक म्हातारा धनगर, फौजेमागून मेंढरं हाकत आला होता, मेंढरं कधीच संपली. त्याच्याजवळ एक घोंगडी आहे, काळी, खरबरीत, आणि या गल्लीतली सगळ्यात मोलाची चीज तीच. तुम्ही तुमची झूल अंगाभोवती घट्ट लपेटता तर तो मान हलवतो.

“वरनं कितीबी पांघरा, ऊब खालनं जातीया. आदी खाली घाला.”

बरोबर सांगतोय. उघड्या जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंगातली ऊब जमीन ओढून घेते, वरचं पांघरूण त्यापुढे हतबल असतं. झूल खाली घाला. तिच्याखाली जो काही भुसा, पेंढा, फाटकी चटई, जुनं जीन मिळेल ते. ओला कपडा अंगावर ठेवू नका, धुक्यानं भिजलेली पासोडी नसलेली बरी. डोकं आणि कान पागोट्याच्या फेऱ्यांनी बांधा. आणि एकटे झोपू नका. चार राहुट्यांतली माणसं एका राहुटीत या, पोरं मधे, म्हातारी मधे, धट्टेकट्टे कडेला. सोवळं, जात, पथक हे सगळं उद्या उजाडल्यावर बघू. शिकागोतल्या घरातही हेच करतात. एक खोली निवडायची, दाराखालच्या फटी बुजवायच्या आणि सगळ्यांनी तीच उबदार ठेवायची. बाकीचं घर थंडीला सोडून द्यायचं.

राहुटीत तुमच्या बाजूला वाईकडच्या एक काकू आहेत, कुरुक्षेत्राला स्नान करायचं म्हणून आलेल्या. त्यांच्या ओच्यात मूठभर पीठ आहे.

“पीठ आहे रे बाबा,” त्या म्हणतात, “भाजू कशावर?”

सरदारांच्या पत्रांत, इतिहासाच्या पुस्तकांत पानिपतच्या उपासमारीचा हिशोब धान्यात मांडलेला असतो. पतियाळाचा आलासिंग काही काळ धान्य पोचवत होता, तो रस्ता बंद झाला. गोविंदपंत बुंदेले यमुनेपलीकडे अब्दालीची रसद तोडत फिरत होते, डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ते मारले गेले. हे सगळं खरंच. पण धान्य हे अर्धं अन्न असतं. कच्चा गहू, कोरडं पीठ पोटात घालून थंडीशी झुंजता येत नाही, उलट पोट बिघडतं आणि अंगात होतं ते पाणीही जातं. कुडकुडणं म्हणजे शरीरानं स्वतःचंच सरपण जाळणं. खायला नसेल तर ते लवकर संपतं. अंगाचं तापमान ३२ अंशांच्या खाली उतरलं की कुडकुडणं थांबायला लागतं, बोलणं जड होतं, माणूस बडबडतो, मग गप्प होतो. बाजूला कुणी असं गप्प झालं तर झोपलं समजू नका. हलवा, बोलतं करा, तुमच्या अंगाशी घ्या.

मध्यरात्री शेजारच्या राहुटीत गलका होतो. कुणीतरी गाडीचं मोडकं चाक फोडलंय. त्याचे निखारे लोखंडी घमेल्यात घालून आत आणलेत, कनातीच्या कडा मातीनं दाबल्यात, दाराचा पडदा ओढून घेतलाय. वीस माणसं घमेल्याभोवती. चेहऱ्यांवर तांबूस उजेड, आठवड्यातलं पहिलं समाधान. तुम्ही पडदा वर करता.

“अरे, वारा येतोय! मारता का काय आम्हाला?”

शिव्या खा, पण पडदा वर राहू द्या. कोंदट जागेतला निखारा विषारी वायू सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मग झोप येते, आणि ती झोप संपत नाही. यांना कार्बन मोनॉक्साइड सांगण्यात अर्थ नाही. “धूर डोक्यात जातो” म्हणा, तेवढं समजतं. एक हातभर फट वर ठेवा आणि एक खाली. ऊब थोडी जाईल, माणसं राहतील. दिल्लीच्या आसपास आजही प्रत्येक हिवाळ्यात बातमी येतेच: बंद खोलीत अंगीठी पेटवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलं नाही. अडीचशे वर्षांनी वीज आली, गीझर आले, ही एक चूक तेवढी तशीच राहिली आहे.

घमेल्यातले निखारे तासाभरात विझतात. चाक एकच होतं. दुसरं चाक फोडायला कुणी धजत नाही, कारण ज्या गाडीवर तोफेचं सामान आहे तिचं चाक फोडणं म्हणजे इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचे पाय तोडणं. पैसा मात्र आहे, थोडाफार. दिल्लीच्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून भाऊंनी नाणी पाडली होती. चांदी जळत नाही.

अशाच एका रात्री गल्लीतून हाकारे येतात. “चला, सरपणाला चला! पुढं रान आहे!” कुऱ्हाडी, कोयते, दोर घेतलेली माणसं निघतात. शिपाई फार नाहीत, हे बहुतेक बुणगे. जे दिवसा घोडे चोळतात, पाणी वाहतात, तेच. रात्रीच निघायचं, कारण दिवसा शत्रूचे स्वार दिसेल त्याला कापतात. काला अंबच्या दंतकथेतला तो आंबाही असाच कुठेतरी खंदकाबाहेर, दोन फौजांच्या मधल्या रानात उभा असणार. आत असता तर डिसेंबरातच त्याची चूल झाली असती. रक्त पिऊन त्याची पानं काळी पडली असं सांगतात. मला त्या कथेपेक्षा तो तोडला गेला नाही हीच गोष्ट जास्त बोलकी वाटते.

माणदेशी म्हातारा उठतो, घोंगडी तुमच्या अंगावर टाकतो आणि कोयता उचलतो. त्याला अडवाल? सांगाल काय? अब्दाली दर रात्री पाच हजार स्वारांची चौकी मराठ्यांच्या छावणीच्या अगदी जवळ उभी करतो, आणि त्या स्वारांच्या अंगावर मेंढीच्या कातड्याचे पोस्तीन आहेत, लोकर आत आणि कातडं बाहेर. त्यांच्यासाठी ही थंडी म्हणजे काबूल-कंदाहारच्या मानानं मवाळ ऋतू. तुम्ही सांगितलंत तरी म्हातारा म्हणेल, “हितं बसून काय हुनार?” आणि त्यालाही उत्तर नाही.

काशीराज लिहितो की एका रात्री छावणीतले वीस हजार लोक रानात लाकूड तोडायला गेले. त्या रात्री चौकीवर शाहपसंदखानाचे पाच हजार स्वार होते. त्यांनी वेढा घातला आणि सगळ्यांना कापून काढलं. छावणीतून कुणी मदतीला गेलं नाही. सकाळ झाल्यावर भाऊंना आणि सरदारांना कळलं. वीस हजार हा आकडा मला पचत नाही, त्या काळचे लेखक शून्य सढळ हातानं देत. पण पलीकडच्या गोटात बसलेल्या माणसानंही एवढ्या माणसांच्या मरणाचं कारण ‘लाकूड’ असंच नोंदवलं, हे मी सोडून देऊ शकत नाही. बळवंतराव मेहेंदळे ७ डिसेंबरच्या चकमकीत पडले, त्यांचं नाव इतिहासात आहे. सरपणाला गेलेल्यांतलं एकही नाव नाही.

सकाळी गल्ली रिकामी आहे. घोंगडी तुमच्याकडे राहिली आहे. ती काकूंना द्या.

जानेवारीचा पहिला आठवडा. दिल्लीचा किल्ला सांभाळणारे नारो शंकर खजिना पाठवतात. एका तुकडीसोबत पराशर दादाजी आहेत, प्रत्येक स्वाराच्या कमरेला रुपये बांधलेले. अंधारात वाट चुकते. समोर छावणी दिसते, ही माणसं आनंदानं मराठीत हाका मारतात, आणि ती छावणी अब्दालीची निघते. हे वाचताना दरवेळी माझं लक्ष त्या हाकांवर जातं. इतक्या लांबच्या थंडीतून आलेल्या माणसांना समोर उजेड दिसला होता. आपल्या छावणीत आता उजेड उरलेला नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

संक्रांत येते आणि जाते. आपण ती १४ जानेवारीला धरतो, पण त्या काळी ती तीन-चार दिवस आधी येत असे. तिळाचा दाणा कुणाकडे नाही. तीळ, गूळ, बाजरी, तूप हे सगळं कडाक्याच्या थंडीसाठीच कुणीतरी शहाण्या बाईनं एकत्र आणलं असणार, आणि ज्या मराठी माणसांना त्या वर्षी त्याची सर्वांत जास्त गरज होती त्यांना ते मिळालं नाही.

१३ जानेवारीच्या रात्री भाऊंच्या डेऱ्यापाशी माणसं जमतात. तुम्हीही मागे उभे राहा. मागणं एकच आहे: दोन दिवस पोटात काही नाही, इथं झिजून मरण्यापेक्षा लढून मरू द्या. कोठारात उरलंसुरलं धान्य वाटलं जातं, सगळ्यांना एकदा पोटभर मिळावं म्हणून. आणि ते शिजवायला? आता राखून ठेवण्यासारखं काही नाही. उद्या छावणीच सोडायची, म्हणून जे जे लाकडाचं आहे ते आज जाळायला हरकत नाही. मेखा, खांब, पेट्या. महिन्याभरात पहिल्यांदा राहुट्यांच्या रांगा उजळल्या असतील तर त्या याच रात्री.

पहाटे पागोट्यांचे शेमले मोकळे सोडून, तोंडाला हळद फासून फौज निघते. पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, १४ जानेवारी १७६१. पुढचं तुम्हाला माहीत आहे. गारद्यांच्या तोफा, दुपारपर्यंत झुकणारा विजय, विश्वासरावांना लागलेली गोळी, अंबारीतून उतरलेले भाऊ. लढाईबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी इथं थांबत नाही. एवढंच बघा की मराठ्यांचे घोडे दुपारनंतर धावत नाहीत, आणि अब्दाली त्याच वेळी ताज्या स्वारांची राखीव फळी पुढे काढतो.

संध्याकाळी पुन्हा थंडी. या रात्रीची थंडी पळणाऱ्यांची आहे. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीपर्यंत आभाळात, पाठलागाला पुरेसा उजेड. गाठलेल्या माणसाचे आधी कपडे काढून घेतात, मग ठरवतात मारायचं की सोडायचं. त्या रानात अठरा वर्षांचा एक मुलगा अंगावर फक्त लंगोटी उरलेल्या अवस्थेत गवतात लपतो, पाला खातो, पुन्हा चालतो. त्याची आई त्या धावपळीत कायमची हरवली. तो बाळाजी जनार्दन, पुढे नाना फडणीस. ही हकिकत त्यानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवली आहे. जानेवारीतल्या उत्तर हिंदुस्थानात उघड्या अंगानं जगलेला माणूस पुढे चाळीस वर्षं पुण्याच्या कारभाराच्या भोवती राहिला.

बाकीचे वाचले त्यातले पुष्कळ जण जाटांच्या मुलखामुळे वाचले. सूरजमलशी दिल्लीत भाऊंचं बिनसलं होतं आणि तो मोहीम सोडून निघून गेला होता. तरी डीग-भरतपूरकडे पोचलेल्या या उघड्यावाघड्या माणसांना त्यानं आणि राणी किशोरीनं अन्न दिलं, कपडे दिले, औषधपाणी केलं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई त्याच वाटेनं परतल्या. आपल्याकडे पानिपतचे पोवाडे झाले, कादंबऱ्या झाल्या, सिनेमा झाला. ज्यानं पांघरूण दिलं त्याच्या नावाचा एखादा चौक पुण्यात असायला हरकत नव्हती.

आता परत या. धुकं तेच आहे, फक्त त्यात ट्रकचे दिवे आहेत. आजचं पानिपत हातमागाचं शहर म्हणून ओळखलं जातं. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकरांनी इथं माग उभे केले. युरोप-अमेरिकेतले टाकून दिलेले लोकरी कपडे इथं गाठोड्यांनी येतात, रंगाप्रमाणे निवडले जातात, पिंजून त्यांचं पुन्हा सूत होतं आणि सुताची ब्लँकेटं. भूकंप, पूर, निर्वासितांच्या छावण्या असं जगात कुठं काही झालं की मदतीच्या ट्रकमध्ये पुष्कळदा पानिपतची ब्लँकेटं असत. स्वस्त, जाडीभरडी, उबदार.

दर १४ जानेवारीला काला अंबला कार्यक्रम होतो, महाराष्ट्रातून आणि स्वतःला पानिपतच्या मराठ्यांचे वंशज मानणाऱ्या हरियाणातल्या रोड मराठ्यांमधून माणसं येतात. जाणार असाल तर उघड्या मैदानात सकाळी तासन्‌तास उभं राहावं लागेल, त्या हिशोबानं कपडे घ्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या पायाखाली काहीतरी घाला. दोन ब्लँकेटं तिथल्याच बाजारातून विकत घेऊन रस्त्यावर झोपलेल्या कुणाला तरी द्या. आणि रात्री धर्मशाळेत शेगडी आणून दिली तर खिडकी उघडी ठेवून झोपा.